पाळक नसलेल्या काळातली घरांची यादी : पुण्यातल्या एका मराठी मंडळीचं प्रकरण

हे प्रकरण खडकी, बोपोडी आणि दापोडी या पट्ट्यातल्या एका मराठी प्रोटेस्टंट मंडळीचं, म्हणजे एका चर्चच्या सभासदांचं आहे. मंडळीचं नाव आणि माणसांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत, ओळख पटेल असे काही तपशीलही बदलले आहेत. मी त्या मंडळीचा सभासद नाही. शेजारच्या मंडळीत चर्च कमिटीवर आहे आणि दोन्हीकडच्या ले-लीडरांच्या, म्हणजे पाळक नसून पुढाकार घेणाऱ्या सभासदांच्या, एकत्र बैठकांना बसत आलो आहे. त्यामुळे जे लिहितो आहे त्यातलं बरंचसं समोर घडलेलं आहे, उरलेलं त्या-त्या माणसांनी सांगितलेलं.

एका पाळकाकडे (पास्टरकडे) दोन-दोन चर्चचा कार्यभार असणं आता नवलाचं राहिलेलं नाही. अशा वेळी सभासदांनी पुढे यावं असं सगळेच म्हणतात. पुढे येऊन नेमकं काय हाती घ्यायचं, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. या मंडळीने ते अनुभवातून शोधलं, म्हणून हे सविस्तर लिहावंसं वाटलं.

मंडळी

१८६९ मध्ये खडकीला दारूगोळा कारखाना सुरू झाला. पुढे रेल्वेतल्या नोकऱ्या आल्या, १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आली आणि तिच्या मागोमाग बाकीचे कारखाने. नगर, श्रीरामपूर, जालना भागातली ख्रिस्ती कुटुंबं या कामांच्या मागे पुण्याकडे सरकली. पुरुष कारखान्यात, बायका शाळेत नाहीतर दवाखान्यात नर्स, असं चित्र या मंडळीतल्या जुन्या घरांचं आजही दिसतं. रजिस्टरला सव्वाशेच्या आसपास घरं आहेत. पूर्वी ती सगळी चर्चपासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर होती. आता मुलांनी फ्लॅट घेतले ते सांगवी, पिंपळे गुरव, मोशी, चऱ्होली असे लांब लांब. रविवारी गाठ पडते, आठवडाभर कुणी कुणाच्या दारावरून जात नाही.

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा वेगवेगळ्या परंपरांच्या मंडळ्या एकत्र आल्या आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली. ही मंडळी त्याच घरातली. वेगवेगळ्या परंपरांचा ठसा लोकांच्या वागण्यात अजून शिल्लक आहे. अँग्लिकन वळणाच्या घरांना वाटतं, पाळकसाहेब सांगतील ते शेवटचं. अमेरिकन मराठी मिशनच्या वळणाच्या घरांना सभासदांचं मत घेतल्याशिवाय काही ठरलं तर राग येतो. पुढे जे वाद झाले त्यांतले निम्मे या दोन सवयींमधले होते, माणसांमधले नव्हते, असं माझं मत आहे.

पाळक गेले, पण पुलपिट (उपदेशाचं व्यासपीठ) रिकामं पडलं नाही

जुने पाळकसाहेब निवृत्त झाले. त्यांच्या जागी येणाऱ्यांच्या घरात आजारपण निघालं आणि त्यांचं येणं पुढे-पुढे गेलं. मधल्या काळासाठी शेजारच्या मंडळीच्या पाळकांकडे अतिरिक्त कार्यभार आला. महिन्याच्या पहिल्या रविवारी ते सकाळी सातला यायचे, प्रभूभोजनाचा (येशूच्या स्मरणार्थ भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा) विधी चालवायचे आणि स्वतःच्या चर्चमधल्या उपासनेसाठी धावत निघायचे. बाकीचे रविवार मंडळीचे मंडळीला.

पुण्यात एक सोय आहे जी दुसरीकडे सहसा नसते. बिबवेवाडीला युनियन बिब्लिकल सेमिनरी, म्हणजे पाळकांना शिक्षण देणारी संस्था आहे, १९८३ मध्ये ती यवतमाळहून इथे आली. त्याशिवाय शहरात लहान-मोठी बायबल महाविद्यालयं आहेत, निवृत्त पाळक आहेत, निरनिराळ्या संस्थांत काम करणारे सेवक आहेत. एक फोन केला की रविवारच्या उपदेशाला माणूस मिळतो. त्यामुळे इथल्या मंडळीत पाळक नाहीत हे कित्येक महिने जाणवतच नाही. उपासना वेळेवर सुरू होते, उपदेश होतो, अर्पण फिरतं, आशीर्वाद होतो. सगळं जागच्या जागी असल्यासारखं वाटतं.

या मंडळीतही तसंच झालं. सेक्रेटरींनी उपदेशकांचा तक्ता लावला. मंडळीतलेच तिघेजण उपदेशाला तयार झाले. एक हिंजवडीत नोकरी करणारा तरुण इंजिनियर. एक निवृत्त मुख्याध्यापिका, ज्यांना सगळे बाईच म्हणतात. आणि कारखान्यात टर्नर असलेले एक गृहस्थ, अख्ख्या मंडळीचे मामा. तक्ता नाताळपर्यंत भरला. लोक खूश होते. कमिटीच्या इतिवृत्तात ‘मंडळीचे कार्य सुरळीत सुरू आहे’ असं लिहिलं गेलं.

मग पिंपळे गुरवच्या एका आजींची गोष्ट उघडकीला आली. आजी एकट्या राहत. मुलगा परगावी. पाय घसरून पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, शेजाऱ्यांनी दवाखान्यात नेलं, ऑपरेशन झालं. मंडळीतल्या कुणालाच पत्ता नव्हता. एक सभासद भगिनी त्याच दवाखान्यात स्टाफ नर्स आहेत. त्यांची ड्युटी दुसऱ्या वॉर्डात होती. जेवणाच्या सुट्टीत जाता-जाता त्यांना खाटेच्या टेबलावर ओळखीचं कव्हर घातलेलं ‘उपासना संगीत’ हे गीतांचं पुस्तक दिसलं, म्हणून त्या आत गेल्या. आजी तोवर तिथे आठवडाभर होत्या. तक्रार काही केली नाही. म्हणाल्या, “पाळकसाहेब नाहीत ना आता, मग कोणाला कळवणार?”

पुढच्या रविवारी उपासनेनंतर सिस्टरांनी हे कमिटीसमोर जसंच्या तसं सांगितलं. त्या वेळी कुणीतरी ‘आपण सगळ्यांनीच लक्ष ठेवायला हवं’ असं म्हणालं. त्यावर सिस्टर म्हणाल्या, “सगळ्यांनी म्हणजे कोणी? नाव सांगा, मी लिहून घेते.”

पाकीट बंद झालं तेव्हा काय बंद झालं

जुन्या काळी या मंडळीत मासिक वर्गणीची पाकिटं असत. कमिटीतला एकेक जण आपल्या भागातल्या घरी पाकीट द्यायला जाई, महिनाअखेर घ्यायला जाई. मार्च २०२० मध्ये प्रार्थनास्थळं बंद झाली, १६ नोव्हेंबरला उघडली, पुढच्या वर्षी पुन्हा बंद-चालू झाली. त्या काळात दाराशी क्यूआर कोडचा फलक लागला, व्हॉट्सअॅपवर तोच कोड फिरला आणि वर्गणी मोबाइलवरून येऊ लागली. खजिनदारांचं काम सोपं झालं. हिशेब स्वच्छ झाला. पाकिटं बंद झाली ती कायमची.

पाकिटाबरोबर महिन्यातून दोनदा होणारी ती फेरी गेली. पाकीट घ्यायला गेलेला माणूस दारातून परत येत नसे. चहा होई, कोण आजारी, कुणाचं लग्न जमतंय, कुणाची नोकरी गेली हे कळे, उठताना दोन मिनिटं प्रार्थना होई. याला कुणी नेतृत्व म्हणत नव्हतं, वर्गणी गोळा करणं म्हणत होते.

ख्रिस्ती इतिहासात हे एकदा अगदी असंच, पण उलट दिशेने घडलं आहे. १७४२ मध्ये ब्रिस्टल शहरात जॉन वेस्लींच्या मेथडिस्ट लोकांवर प्रार्थनामंदिराच्या इमारतीचं कर्ज होतं. तोडगा असा निघाला की प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यायची, आणि साधारण बारा जणांमागे एकाने ती घरोघर जाऊन आणायची. पेनी आणायला गेलेल्यांना घरांची हालहवाल कळू लागली. वेस्लींनी त्यातलं मर्म ओळखलं आणि कर्जफेडीच्या त्या व्यवस्थेतून बारा-बारा जणांचे वर्ग उभे राहिले, प्रत्येकावर एक सामान्य सभासद नेता म्हणून. मेथडिस्ट चळवळ पसरली ती मोठ्या प्रमाणात या वर्गनायकांच्या जिवावर. तिथे पैशातून भेटी निघाल्या. आपल्याकडे पैशाची सोय झाली आणि भेटी संपल्या.

ही गोष्ट बाईंनी कमिटीत सांगितली आणि क्यूआर कोड ठेवूनच पाकिटं पुन्हा सुरू करायचा ठराव आला. खजिनदार आधी वैतागले, दोन-दोन हिशेब कोण ठेवणार म्हणून. शेवटी ठरलं की पाकिटात पैसे घातलेच पाहिजेत असं नाही. पाकिटावर घरातल्यांनी प्रार्थनेचे विषय लिहायचे. रिकामं पाकीटही चालेल, पण घ्यायला माणूस जाणार.

रजिस्टर

सिस्टरांनी एक लांबट रजिस्टर घातलं, दवाखान्यात वॉर्डला असतं तसंच. उघडल्यावर डाव्या पानावर घरातली माणसं, पत्ता, फोन, घरी एकटं कोण राहतं, कोणाला जिना चढता येत नाही, शेवटची भेट कधी झाली. उजव्या पानावर भेटीत काय कळलं ते, दोन-तीन ओळींत. घरांचे वस्तीप्रमाणे गट पाडले आणि प्रत्येक गटाला दोन माणसं नेमली. पहिल्या पानावर त्यांनी लाल पेनाने लिहिलं होतं : ‘एकटं जायचं नाही. आजारी बाईकडे बाईने जायचं. वर्गणीचा विषय काढायचा नाही. अर्ध्या तासात उठायचं.’

माणसं शोधताना गंमत कळली. उपदेशाच्या तक्त्यासाठी नावं आपणहून आली होती, भेटींच्या तक्त्यासाठी एकेकाच्या घरी जाऊन विचारावं लागलं. इंजिनियर म्हणाला, मला वेळ नाही. त्याचं खोटं नव्हतं, हिंजवडीहून घरी यायलाच त्याला दीड तास लागे. पण उपदेशाच्या तयारीला त्याला वेळ मिळत होता, हेही खरं. शेवटी जी माणसं मिळाली ती अनपेक्षित होती. रिक्षा चालवणारे एक गृहस्थ, कमिटीवर कधीच नसलेले. दोन गृहिणी. शब्बाथ शाळेत, म्हणजे मुलांच्या रविवारच्या बायबल वर्गात, शिकवणारी एक कॉलेजची मुलगी, जिने आपल्या आजीला जोडीदार म्हणून घेतलं. आणि मामा, जे दोन्ही तक्त्यांत होते.

प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात मंडळीत पहिल्यांदा सामान्य माणसं कामाला नेमली गेली, ती कशामुळे, हे इथे आठवतं. रोजच्या वाटणीत हेल्लेणी (ग्रीक बोलणाऱ्या) विधवांची उपेक्षा होते अशी कुरकुर झाली. प्रेषितांनी सांगितलं, तुमच्यातले सात जण निवडा. त्या सातांतला स्तेफन पुढच्याच अध्यायात मोठं भाषण करतो, फिलिप्प शोमरोनात जाऊन ख्रिस्ताची घोषणा करतो. म्हणजे ते बोलणारेही होतेच. पण त्यांना नेमलं गेलं ते वाढण्यासाठी, आणि कारण होतं विसरल्या गेलेल्या विधवा. आपण हा क्रम उलटा करून बसलो आहोत, ले-लीडर म्हटलं की आधी माइक डोळ्यांसमोर येतो. मामांचा उपदेश हळूहळू बदलला त्याचं कारण मला यातच दिसतं. सुरुवातीला ते पाऊण तास बोलायचे, कुठूनकुठून वचनं आणायचे. भेटींना जाऊ लागल्यावर वीस मिनिटांवर आले. एकच उतारा घ्यायचे, आणि समोर कोण बसलंय हे ठाऊक असल्यासारखं बोलायचे.

प्रार्थनेचा विषय

सगळ्यात मोठा घोटाळा याच रजिस्टरमुळे झाला, आणि तो टाळता येण्यासारखा होता.

दापोडीच्या एका घरात मुलाला दारूचं व्यसन लागलं होतं. आईने भेटीला आलेल्या दोघांना रडत सांगितलं. त्या दोघांतल्या एकाने गुरुवारच्या घरगुती प्रार्थनासभेत, पूर्ण कळकळीने, मुलाचं नाव घेऊन प्रार्थना केली. वाईट हेतू अजिबात नव्हता. पण सभेला वीसेक माणसं होती आणि त्यांत मुलाच्या होणाऱ्या सासरचे नातेवाईक होते. आपल्या मंडळ्या म्हणजे नात्यांचं जाळं, कोण कोणाचं पाहुणं लागतं हे बाहेरच्याला उलगडत नाही. आठवड्याच्या आत लग्नाची बोलणी थांबली. ते कुटुंब चर्चला यायचं बंद झालं.

अभिषिक्त, म्हणजे विधिपूर्वक नेमलेल्या, पाळकाला गुपित राखण्याची शिस्त प्रशिक्षणातच लावतात. सभासदाला ती कुणी शिकवलेली नसते. उलट आपल्याकडे ‘प्रार्थनेसाठी विषय’ या नावाखाली माहिती पसरते आणि पसरवणाऱ्याला आपण काही चुकीचं केलं असं वाटतही नाही. ले-लीडरशिपबद्दलच्या शिबिरांत उपदेश कसा करावा, गाणी कशी निवडावीत यावर तासन्तास जातात, यावर कुणी एक तासही देत नाही. मला हे फार खुपतं, कारण यात माणसं कायमची तुटतात.

सेक्रेटरी आणि सिस्टर त्या घरी गेले. बोललेला माणूसही बरोबर गेला, हे त्याचं मोठेपण. आईने दार उघडलं, पाणी दिलं आणि म्हणाली, “तुम्ही आमच्यासाठी प्रार्थना केलीत, मग मी तुम्हाला काय बोलू?” यापेक्षा कडक शब्द दुसरे असूच शकत नाहीत. माफी मागितली गेली. कुटुंब काही महिन्यांनी परत आलं, पण मुलगा नाही आला.

त्यानंतर रजिस्टरचे दोन भाग झाले. डाव्या पानांचं एक रजिस्टर, जे सगळ्या गटांना पाहता येतं. उजव्या पानांचं दुसरं, जे फक्त सिस्टरांकडे राहतं. आणि नियम असा, की ज्याची गोष्ट त्याला ‘हे सभेत घेऊ का’ असं विचारल्याशिवाय नाव घेऊन प्रार्थना करायची नाही. त्याने नको म्हटलं तर घरीच करायची.

जिथे सभासदाचा हात थांबतो

पिंपळे गुरवच्या त्या आजी काही महिन्यांनी पुन्हा दवाखान्यात गेल्या आणि या वेळी परत येणार नाहीत हे दिसत होतं. रात्री दहाच्या सुमाराला त्यांनी प्रभूभोजन मागितलं. खाटेजवळ मामा आणि बाई होते. या परंपरेत प्रभूभोजनाचा विधी अभिषिक्त पाळकच चालवतात. कॅथलिक मंडळीत १९७३ पासून प्रापंचिकांना खास सेवक म्हणून नेमून आजाऱ्यांपर्यंत पवित्र कम्युनियन नेता येतं, पण तिथेही मिस्सा, म्हणजे ज्या उपासनेत ते कम्युनियन होतं ती, धर्मगुरूच अर्पण करतात. इथे तशी नेमणूक कुणाचीच नव्हती.

मामांनी कार्यभार असलेल्या पाळकांना फोन लावला. ते तेव्हा बाहेरगावी होते, पहाटे येतो म्हणाले. त्या मधल्या सात-आठ तासांत काय करायचं? बाईंनी तेविसावं स्तोत्र वाचलं. आजींना पाठ होतं, ओठ हलत होते. मामांनी ‘उपासना संगीत’ उघडून आजींनी सांगितलेली गाणी हळू आवाजात म्हटली, शेजारच्या खाटेवरच्या बाईंची परवानगी घेऊन. पहाटे साडेपाचला पाळक थेट स्टँडवरून आले. आजींना प्रभूभोजन मिळालं. दुसऱ्या दिवशी त्या गेल्या.

मंडळीत यावर चर्चा झाली. पाळक वेळेत पोचले नसते तर काय, असं इंजिनियरने विचारलं, आणि अशा वेळी मामांनी भाकर मोडायला काय हरकत होती, हेही. प्रश्न प्रामाणिक होता. पहिल्या पेत्राच्या पत्रात सगळ्याच विश्वासणाऱ्यांना ‘राजकीय याजकगण’, म्हणजे राजाचे याजक म्हटलेलं आहे, मग हा भेद का, असा त्याचा मुद्दा. माझं मत मामांच्या बाजूचं आहे. प्रभूभोजन अख्ख्या मंडळीचं असतं, ते कोणी चालवायचं हे एका माणसाने एका रात्री ठरवायचं नसतं. नियम बदलायचा असेल तर तो धर्मप्रांतात, म्हणजे बिशपच्या अखत्यारीतल्या मंडळ्यांच्या संघटनेत, मागणी करून बदलावा. खाटेजवळ बसण्याचा अधिकार मात्र कुणाकडून मागावा लागत नाही, आणि त्या रात्री तेच काम मोठं होतं.

लग्नाची बाब त्याहून सरळ. १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याप्रमाणे विवाह लावण्याचा अधिकार ठरावीक माणसांनाच आहे, ले-लीडर तिथे वाचन करेल, प्रार्थना करेल, लग्नाआधी जोडप्याशी चार वेळा बसून बोलेल. या मंडळीत बाईंनी ते केलं.

पैशाच्या बाबतीत खजिनदारांनी एक नियम घातला जो सगळ्या मंडळ्यांनी उचलावा असा आहे : रविवारचं अर्पण मोजायला नात्यातली दोन माणसं एकत्र बसणार नाहीत. स्लिपवर दोन सह्या, सोमवारी बँकेत भरणा. नियम सांगितला तेव्हा दोघा भावांना तो अपमान वाटला, वर्षाच्या हिशेबाला कुणीच बोट दाखवलं नाही तेव्हा त्यांनाच तो पटला.

बाईंच्या उपदेशाला एका ज्येष्ठ सभासदांनी हरकत घेतली होती, बाईमाणूस पुलपिटवर नको म्हणून. सेक्रेटरींनी वाद घातला नाही. चर्च ऑफ नॉर्थ इंडियात स्त्रियांना पाळक म्हणून अभिषेक होतो एवढंच त्यांनी सांगितलं. पुण्यापासून जवळ केडगावला पंडिता रमाबाईंनी मुक्ती मिशन उभं केलं, त्या काही अभिषिक्त नव्हत्या, हे बाईंनी स्वतःच एका उपदेशात सहज सांगून टाकलं. ते ज्येष्ठ गृहस्थ अजूनही बाईंच्या रविवारी मागच्या बाकावर बसतात, पण येतात.

नवे पाळक आले

सभासदांच्या पुढाकाराची खरी कसोटी पाळक नसताना लागत नाही, पाळक आल्यावर लागते. नसताना सगळ्यांना गरज समजते. आल्यावर प्रश्न येतो की आता हे कोणाचं.

नवे पाळकसाहेब तरुण, मनाने चांगले, कामाला वाघ. पहिल्याच आठवड्यात त्यांनी भेटींचं सगळं आपल्याकडे घेतलं. म्हणाले, इतके दिवस तुम्ही दमलात, आता मी आहे. अँग्लिकन वळणाच्या घरांना बरं वाटलं. ‘शेवटी पाळकाने येणं वेगळं’ असंही बोललं गेलं. गटांची माणसं गप्प बसली. रिक्षावाले गृहस्थ मला म्हणाले, “बरोबरच आहे, आपलं काम संपलं.” त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि मला त्याचंच जास्त वाईट वाटलं.

मग पाळकसाहेबांनी सिस्टरांकडे रजिस्टर मागितलं, वेस्ट्रीत, म्हणजे चर्चमधल्या पाळकांच्या खोलीत ठेवायला.

“सिस्टर, दोन्ही रजिस्टरं वेस्ट्रीच्या कपाटात ठेवा ना, मला रोज लागतील.”

“पाळकसाहेब, घरांची यादी तुमचीच आहे, आत्ता घ्या. दुसऱ्यात आहे ते लोकांनी मला विश्वासाने सांगितलंय. त्यांना विचारल्याशिवाय ते कपाटात ठेवणं मला जमणार नाही.”

“मी पाळक आहे, सिस्टर.”

“म्हणूनच तुम्ही त्यांना स्वतः भेटा. ते तुम्हालाही सांगतील. मी येते बरोबर.”

हा संवाद सेक्रेटरींच्या समोर झाला. ते सांगतात की पाळकसाहेब दुखावले होते आणि ते दिसत होतं. पुढचे दोन-तीन महिने अवघड गेले. पाळकसाहेब एकटे फिरत राहिले. सव्वाशे घरं, मोशीपासून खडकीपर्यंत, त्यात अंत्यविधी, कमिट्या, धर्मप्रांताच्या बैठका. ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू होईपर्यंत त्यांचा आवाज बसला होता आणि निम्मी घरंही झाली नव्हती. निर्गमच्या अठराव्या अध्यायात इथ्रो मोशेला सांगतो, हे काम तुला एकट्याला झेपणार नाही, हजार-हजार, शंभर-शंभर, पन्नास-पन्नास, दहा-दहांवर माणसं नेम. मोशेलासुद्धा हे सासऱ्याने सांगावं लागलं. इथे कुणी सांगायला धजत नव्हतं.

वाट निघाली ती उत्तम शुक्रवारच्या (गुड फ्रायडेच्या) निमित्ताने. त्या दिवशी दुपारी बारा ते तीन वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर सात जण बोलतात, आणि त्यांत सभासद असण्याची पद्धत आपल्या बऱ्याच मंडळ्यांत आहे. पाळकसाहेबांनी ‘बाई, हा पाहा तुझा मुलगा’ हा उद्गार रिक्षावाल्या गृहस्थांना दिला. तक्त्यात जागा होती म्हणून दिला, फार विचार करून नव्हे. ते गृहस्थ पुलपिटवर पहिल्यांदाच उभे राहिले आणि सहा मिनिटं बोलले. मरताना येशूने आईची सोय एका शिष्याच्या घरी लावली, असं म्हणून त्यांनी आपल्या गटातल्या एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांबद्दल सांगितलं. नाव एकाचंही घेतलं नाही. कोणाला संध्याकाळी दिवा लावल्यावर भीती वाटते, कोणाला गोळ्यांची नावं वाचता येत नाहीत, कोण फोनवर नेहमी ‘मजेत आहे’ म्हणतं आणि त्याचा अर्थ काय असतो. शेवटी म्हणाले, “मी बरेच दिवस गेलो नाही. मला वाटलं, आता गरज नाही.”

पाळकसाहेबांनी ईस्टर झाल्यावर सगळ्या गटांना चहाला बोलावलं. तिथे जे ठरलं ते थोडक्यात असं. गट पूर्वीसारखे चालू राहणार. पाळकसाहेब प्रत्येक महिन्याला एका गटाबरोबर फिरणार, त्यांच्या रिक्षेतून किंवा स्कूटरवरून, गटाच्या माणसांनी ओळख करून देऊन. डावं रजिस्टर वेस्ट्रीत. उजवं सिस्टरांकडेच, पण घरच्यांच्या परवानगीने पाळकांना सांगायच्या गोष्टींवर सिस्टर खूण करणार आणि महिन्यातून एकदा दोघे बसणार. गटाच्या माणसांची मुदत तीन वर्षं, नंतर एक वर्ष सक्तीची विश्रांती. शेवटची अट बाईंची होती. त्यांचं म्हणणं, जो कधीच थांबत नाही त्याला पुढे आपण मालक आहोत असं वाटू लागतं.

सगळं जुळलं असं नाही. इंजिनियर आता एका इंग्रजी उपासनेच्या चर्चला जातो. तिथे तो उपदेश करतो आणि चांगला करतो असं ऐकतो. मंडळीने त्याला गमावलं यात त्याचा दोष कमी आणि मंडळीचा जास्त, असं मला वाटतं. त्याचा प्रभूभोजनाबद्दलचा प्रश्न धर्मप्रांताकडे लेखी पाठवायचा ठराव झाला होता, ते पत्र अजून गेलेलं नाही. दापोडीचा तो मुलगा व्यसनमुक्तीच्या उपचारांना जाऊन आला. चर्चला येत नाही, पण मामा त्याच्याकडे जातात आणि तो त्यांना आत घेतो. अर्पण मोजण्याचा नियम टिकून आहे. पाकिटं मात्र तरुण घरांत चालली नाहीत, तिथे आता गटातलं कुणीतरी आधी मेसेज करून रविवारी संध्याकाळी जातं.

या वर्षी सिस्टरांची तीन वर्षं पुरी होत आहेत. बाईंच्या अटीप्रमाणे त्यांनी थांबायचं आहे आणि उजव्या पानांचं रजिस्टर दुसऱ्या कुणाकडे तरी द्यायचं आहे. पाळकसाहेबांना वाटतं, त्यांच्यासाठी अपवाद करावा. सिस्टर नाही म्हणतात. शब्बाथ शाळेत शिकवणाऱ्या त्या मुलीचं नाव पुढे आलं आहे. तिला नुकतीच नोकरी लागली आहे. आधी तिने सिस्टरांबरोबर सहा महिने फिरावं, घरच्यांनी तिला ओळखावं, मग प्रत्येक घराला विचारून त्या-त्या घराचं पान तिच्या हवाली करावं, असा प्रस्ताव आहे. ज्यांनी नको म्हटलं त्यांची पानं सिस्टर फाडून त्यांच्याच हातात देणार. येत्या वार्षिक सभेत यावर मत घेतलं जाईल.